चांगला चाललेला गव्हाचा वाण काही वर्षांनी तांबेऱ्याला बळी का पडतो?

तुम्ही विचारलंय की सुरुवातीला स्वच्छ राहणाऱ्या वाणावर आता तांबेऱ्याचे फोड दिसतात आणि दुकानदार म्हणतो 'वाण जुना झाला'. वाण खरंच जुना होतो का, आणि कायमचा प्रतिकारक वाण का निघत नाही?

वनस्पती रोगशास्त्र हा माझा विषय आणि तांबेरा त्यातला जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाण जुना होत नाही. गव्हात परागीकरण त्याच फुलात होतं, त्यामुळे भेसळ झाली नसेल तर पहिल्या वर्षी तुम्ही पेरलात तोच गहू आजही शेतात उभा आहे. बदलली आहे ती तांबेरा हा रोग घडवणारी बुरशी.

हे कोडं आधी सुटलं ते जवसावर. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात हॅरॉल्ड फ्लॉर या वनस्पती रोगशास्त्रज्ञांनी जवसाच्या वाणांचा संकर केला आणि जवसावरच्या तांबेऱ्याचाही. दोघांची आनुवंशिकता शेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांना दिसलं की पिकातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत एक जोडीचं जनुक आहे. यामागचं कारण पुढे कळलं. बुरशी पानात शिरली की झाडाचा बचाव ढिला पाडणारी प्रथिनं पेशींमध्ये सोडते. प्रतिकारक जनुकामुळे झाड त्यातलं एखादं प्रथिन ओळखतं आणि त्या जागेच्या पेशी स्वतःहून मरतात. तांबेरा फक्त जिवंत पेशींवर जगतो, त्यामुळे तो तिथेच उपाशी संपतो. पण बुरशीत त्या प्रथिनाचं जनुक बिघडलं किंवा गळून पडलं, की झाडाला काही कळतच नाही. ओळखणारं नवं जनुक मिळवायला पैदासकाराची, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याची, दहा-बारा वर्षं सहज जातात, बुरशीचं काम एका अपघाती बदलात होतं.

असा बदल दुर्मिळ असतो हे खरं. पण एका फोडातून हजारो बीजाणू (बुरशीचं बारीक बी) उडतात आणि अनुकूल हवेत साधारण पंधरवड्यात पुढची पिढी तयार होते. त्यात आपण लाखो हेक्टरवर एकच वाण पेरतो. बदललेला एक बीजाणू त्यातल्या कुठल्याही शेतात पडला, तरी पुढचं रान त्याला मोकळं असतं.

निसर्गात आपोआप वाढणाऱ्या झाडांत असं होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रानजवसावर जेरेमी बर्डन आणि पीटर थ्रॉल या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथे शेजारशेजारच्या झाडांतही वेगवेगळी प्रतिकारक जनुकं सापडतात. बुरशी बदलते तशी झाडांची वस्तीही बदलते. आपल्या शेतात मात्र दोघांपैकी एकाचीच उत्क्रांती चालू राहते. गव्हाची आपण थांबवलेली असते, कारण दर हंगामाला तेच बियाणं पेरतो. त्याच्या वाटची उत्क्रांती पैदासकारालाच करावी लागते.

याचं सगळ्यात धडकी भरवणारं उदाहरण म्हणजे यूजी 99 हा काळ्या तांबेऱ्याचा, म्हणजे गव्हाच्या खोडावर येणाऱ्या तांबेऱ्याचा, प्रभेद (बुरशीचा उपप्रकार). राय या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर 31 हे जनुक काळ्या तांबेऱ्याला दशकानुदशकं अडवत होतं. जगभरातल्या अनेक वाणांत ते होतं, आपल्या उत्तरेतल्या लोकप्रिय पीबीडब्ल्यू 343 मध्येही. युगांडात 1998 मध्ये त्याला न जुमानणारा हा प्रभेद सापडला. 2006 मध्ये केनियात त्याच घराण्यातल्या नव्या प्रभेदाने एसआर 24 हे जनुकही निकामी केलं. पुढे हे घराणं येमेन ओलांडून इराणपर्यंत पोचलं.

आपल्याकडे एक गोष्ट थोडी बरी आहे. मैदानातला उन्हाळा तांबेऱ्याला सोसत नाही. वनस्पती रोगशास्त्रज्ञ प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं की तो डोंगरांत तग धरतो आणि तिथून दरवर्षी वाऱ्याबरोबर मैदानात येतो. मध्य भारताकडे तो दक्षिणेतल्या निलगिरी-पळणी डोंगरांकडून येतो. म्हणून कोणता प्रभेद आलाय यावर पाळत ठेवता येते. महाबळेश्वरचं गहू तांबेरा संशोधन केंद्र या रोगावरच काम करतं.

आता कायमच्या वाणाबद्दल. 'कायमचा' असं वचन कुणी देऊ नये, पण टिकाऊ प्रतिकार असतो. एलआर 34 हे जनुक अनेक दशकं टिकून आहे. ते बुरशीला मारत नाही, तिची वाढ मंदावतं, आणि हा परिणाम तांबेऱ्याच्या एकाच प्रभेदापुरता नसतो. पिवळ्या तांबेऱ्यावर आणि भुरीवरही तो दिसतो. अशी दोन-चार जनुकं एकत्र आणली तर ती मोडणं बुरशीला फार जड जातं. आपला खपली गहूही या कामात आहे. काळ्या तांबेऱ्याचे प्रभेद ओळखण्यासाठी अमेरिकेत 1922 मध्ये ठरवलेल्या बारा गव्हांत 'खपली' होता. एसआर 13 आणि एसआर 14 ही जनुकं त्याच्यातूनच मिळाली आहेत. खपलीची शेती घटते तेव्हा मला म्हणूनच काळजी वाटते. पोळीच्या चवीपलीकडचंही बरंच काही त्यात आहे.

अडचण अशी की मंद प्रतिकार असलेल्या वाणावर थोडे फोड दिसतातच, आणि शेजारचं शेत पूर्ण स्वच्छ असेल तर शेतकरी पुढच्या वर्षी शेजाऱ्याचा वाण मागतो. माझं स्पष्ट मत आहे की या थोड्या फोडांना घाबरून वाण टाकू नये. लोंबी भरेपर्यंत वरचं पान हिरवं राहिलं, तर उत्पादनात फारसा फरक पडत नाही. तुमच्या शेतात फोड खालच्या पानांपुरते आहेत की वरच्या पानावर आणि खोडावर झपाट्याने चढतायत, हे आधी बघा. झपाट्याने चढत असतील तर पुढच्या हंगामात तो वाण बदला. बदलताना सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका. कृषी विद्यापीठाने तुमच्या भागासाठी शिफारस केलेल्यांपैकी दोन वाण निवडा, आणि त्यांच्या प्रतिकाराची जनुकं वेगळी आहेत ना, एवढं तिथे विचारून घ्या.