अँटेना नाही, मग हॅम रेडिओ कसा?

प्रश्न: हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा पास झालो, कॉल साइन (रेडिओवरची माझी ओळख) पण मिळाली, पण घरमालक गच्चीवर अँटेना लावू देत नाही. नुसत्या मोबाइलवरून बोलता येतं का?

उत्तर: येतं की! इकोलिंक हे हॅमसाठीचं अ‍ॅप टाका. लायसन्सचा पुरावा मागतात, तो तपासल्याशिवाय आत घेत नाहीत, म्हणजे लायसन्स नसलेल्यांनी नादच सोडायचा. मग तुमचा आवाज नेटवरून कुठल्यातरी लांबच्या रिपीटरला (आवाज पकडून पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या रेडिओ केंद्राला) जातो आणि तिथून पुढे खऱ्या रेडिओवर. आधी ९९९९ नंबरच्या टेस्ट सर्व्हरला जोडा, बोललेलं तो तसंच परत ऐकवतो, माइकवर आवाज फाटतोय का ते लगेच कळतं. कॉम्प्युटरवर जोडणी होत नसेल तर बहुतेक वेळा राउटर आडवा येतो, त्याच्या सेटिंगमध्ये यूडीपीचे (नेटवरून डेटा पाठवायची एक पद्धत) ५१९८ आणि ५१९९ पोर्ट, म्हणजे डेटाचे दरवाजे, उघडून बघा. आणि बोलायचं बटण दाबल्या दाबल्या सुरू होऊ नका हो, सेकंदभर थांबा, नाहीतर कॉल साइनचं पहिलं अक्षरच गिळलं जातं.

काही जुने हॅम म्हणतात हा रेडिओ नाहीच, फोन आहे. मला नाही पटत, पलीकडचा माणूस रेडिओचा हँडसेट धरूनच बसलेला असतो ना!

नुसतं ऐकायचंय? नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर (नेटवरून ऐकता येणारा रेडिओ) ब्राउझरमध्ये उघडा, शॉर्टवेव्ह (लांबवर पोचणाऱ्या रेडिओ लहरी) ऐका.