कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तांबे-सोन्याचा क्लेम (जमिनीतलं खनिज शोधण्याचा नोंदवलेला हक्क) विकाऊ आहे; घेण्याआधी काय तपासावं?

जाहिरातीत ‘ग्रॅब सॅम्पल : तांबं ८ टक्के’ असं असेल, तर त्या आकड्यावर एक पैसाही लावू नका. तो हाताने उचललेला दगड असतो आणि उचलणारा मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवागार तुकडाच उचलतो. याच प्रांतातली हायलँड व्हॅलीची प्रचंड खाण ०.३ टक्क्यांच्या आसपासच्या खनिजावर चालते. खरा प्रश्न साठा किती मोठा, हा आहे.

ड्रिलिंगचे आकडे दिले असतील तर कागद-पेन घ्या. ‘२०० मीटरला सरासरी ०.५ टक्के’ ऐकायला झकास वाटतं. पण त्यात १० मीटरची शीर ८ टक्क्यांची असेल, तर उरलेल्या १९० मीटरच्या वाट्याला जेमतेम ०.१ टक्का येतो! म्हणून मीटरवार निकाल मागा, तेही लॅबच्या मूळ सर्टिफिकेटसकट. इंडोनेशियातल्या बुसांगला नमुन्यांतच सोनं मिसळलेलं निघालं आणि १९९७ मध्ये तिथली खाण कंपनी ब्रे-एक्स बुडाली.

जुन्या कामाचे अहवाल सरकारच्या ‘एरिस’ संग्रहात फुकट मिळतात. तिथे आधी कुणी ड्रिल करून हात हलवत परत गेलंय का, ते बघाच. क्लेमची मुदत आणि आधीच्या मालकाची रॉयल्टी वकिलाकडून तपासून घ्या. स्थानिक फर्स्ट नेशनशी (तिथल्या मूळनिवासी समाजाशी) विक्रेत्याचं बोलणं कुठवर आलंय, हेही स्पष्ट विचारा; २०२५ पासून नवा क्लेम नोंदवण्याआधीच त्यांच्याशी सल्लामसलत बंधनकारक आहे.

शक्यतो एकरकमी खरेदी नको. टप्प्याटप्प्याने पैसे देऊन हक्क घेण्याचा ऑप्शन करार करा, म्हणजे पहिल्या ड्रिलिंगमध्ये काही निघालं नाही तर बाहेर पडता येतं.