टीकॅस एक सांगतंय, कंट्रोलर दुसरं, तर पायलटने कोणाचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न: टीकॅस (विमानातली, हवेतली टक्कर टाळणारी यंत्रणा) 'वर जा' म्हणतंय आणि एटीसी (जमिनीवरून विमानांना वाट सांगणारा कंट्रोलर) 'खाली ये' म्हणतंय, तर पायलटने कोणाचं ऐकायचं? आणि ही यंत्रणा चालते कशी?

टीकॅसचं. विषय संपला.

मुंबईत बरीच वर्षं विमानांच्या एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचं, काम केलं, आता वाळवा तालुक्यात ऊस बघतो. पण हे उत्तर मला आष्ट्याजवळच्या एका वळणावर पटलं. अरुंद रस्ता, दोन्हीकडे उभा ऊस, मागे दाजी बसलेले. वळणावर समोरून मोटरसायकल आली. तो त्याच्या डावीकडे सरला, मी माझ्या. निघालो असतो. तेवढ्यात दाजी खांदा धरून ओरडले, "उजवीकडं घे, डावीकडं पाट हाय!" जावईमाणूस, ऐकलं. तो गडी नेमका तिथंच होता. माझं गळपट्टीचं हाड मोडलं, दाजींना खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत एकच, "मेव्हण्याला गाडी येत न्हाई."

1 जुलै 2002 ला जर्मनीत युबरलिंगेनवर हेच झालं. रशियन टुपोलेवला टीकॅस वर जा म्हणत होतं, झुरिकचा कंट्रोलर खाली. त्यांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या बोइंग 757 ला टीकॅसने खालीच पाठवलं होतं. 71 माणसं गेली, त्यात बरीचशी शाळकरी मुलं. कंट्रोलर वाईट नव्हता, दोन टेबलं एकटा सांभाळत होता. पण दोन विमानांचं आपसात काय ठरलंय ते त्याला दिसतच नव्हतं. दाजींना तरी कुठं दिसत होतं?

ठरतं ते असं. तुमचं टीकॅस 1030 मेगाहर्ट्झवर विचारतं, समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे विचारलं की आपोआप उत्तर देणारा रेडिओ, 1090 वर उत्तर देतो. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर, उत्तरातच उंची. गाठ पडायला किती सेकंद उरलेत त्यावर सगळा हिशेब. आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक', मग 'क्लाइंब' नाहीतर 'डिसेंड'. डावं-उजवं ते कधी सांगत नाही, कारण दिशेचा अंदाज तेवढा पक्का नसतो. दोघांनी एकदम 'वर' निवडलं, तर ज्याच्या ट्रान्सपाँडरचा पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, मोठ्या आकड्याचा तो माघार घेतो. आमच्याकडे थोरल्यांनी माघार घेतल्याचं ऐकिवात नाही.

हरियाणात चरखी दादरीला 12 नोव्हेंबर 1996 ला दोन विमानं हवेत धडकली, 349 जण गेले. दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. आपल्याकडे सक्ती आली ती त्यानंतर.

हां, एक राहिलं. स्टॉलची (पंखांची उचल सुटत असल्याची) किंवा जमीन जवळ आल्याची सूचना वाजली तर ती टीकॅसच्याही वर. जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली टीकॅस वर-खालीचा हुकूम देतच नाही. आणि समोरच्याचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर टीकॅसला ते विमान दिसतच नाही, मग कंट्रोलर आणि डोळे.

बाकी दाजी, वाचत असाल तर सांगतो, डावीकडं पाट नव्हता. सुकी चारी होती, गुडघ्याएवढी.