ग्रेप फुकट असताना स्प्लंकला एवढे पैसे का मोजायचे?

प्रश्न थोडक्यात असा: चाळीसेक सर्व्हरची कंपनी, साहेब म्हणतात स्प्लंक घ्या (सगळ्या सर्व्हरचे लॉग, म्हणजे काय घडलं याच्या नोंदी, एका जागी गोळा करून त्यात शोधू देणारं सॉफ्टवेअर), कोटेशन बघून तुमचे डोळे पांढरे झाले, आणि ग्रेपने, म्हणजे फाइलमधला मजकूर शोधणाऱ्या लिनक्सच्या साध्या कमांडने, काम भागतंय असं तुम्हाला वाटतं.

मी लिनक्स सर्व्हर सांभाळतो. स्प्लंक रोज वापरतो, कंपनीशी बाकी देणंघेणं नाही.

सर्व्हर एकच असेल तर ग्रेपला तोड नाही. पण ग्राहकाचं पेमेंट अडकलं की लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरांत वाटणारा), अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस अशा तीन ठिकाणचे लॉग बघावे लागतात. प्रत्येकाची लिहिण्याची पद्धत वेगळी, एकाची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ), दुसऱ्याची साडेपाच तास पुढे, भारतीय वेळेत. रात्री दोन वाजता ही जुळवाजुळव करून बघा, मग ग्रेप किती फुकट आहे ते कळेल.

मायकेल बॉम, रॉब दास आणि एरिक स्वान यांनी 2003 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्प्लंक ही कंपनी काढली. डेटाबेसमध्ये आधी रकाने ठरवायचे आणि मग माहिती भरायची, असा रिवाज. लॉगच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण पुढच्या रिलीजमध्ये डेव्हलपर ओळीत एक शब्द वाढवतो आणि सगळं भरणं बंद पडतं. स्प्लंकने उलट केलं. प्रत्येक मशीनवर बसवलेला फॉरवर्डर नावाचा छोटा प्रोग्राम ओळ जशीच्या तशी पाठवतो. ती घेणारा इंडेक्सर त्यातली वेळ ओळखतो, शब्दांची सूची करतो आणि मूळ ओळ कॉम्प्रेस करून साठवतो. यूजर कुठला, एरर कोड कुठला, हे मात्र बहुतांशी शोधताना ठरतं. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या लॉगला आज सुचलेला प्रश्न विचारता येतो. माझ्या मते ग्राहक पैसे देतात ते यासाठी. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने ही कंपनी सुमारे 28 अब्ज डॉलरला घेतली (सौदा सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर, मार्च 2024 मध्ये पूर्ण). त्यामागे मोठा हिशेब सुरक्षेचा होता: हल्ला झाल्यावर कोण कुठून शिरलं ते याच लॉगमध्ये सापडतं.

आता बिलाकडे. स्प्लंकचा जुना हिशेब म्हणजे दिवसाला किती जीबी आत घेतलं. पुढे वापरलेल्या संगणनशक्तीवर आकारणीचाही पर्याय आला, पण जीबीचं गणित अजून भेटतंच. म्हणजे ‘सगळं घ्या, नंतर बघू’ ही सोय जितकी वापराल तितकं मीटर पळतं. कुणी प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) डीबग, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिणारे लॉग, चालू ठेवून घरी गेला की दिवसाचा कोटा दुपारीच संपतो.

म्हणून घेण्याआधी आठवडाभर लॉग मोजा. रोज किती भर पडते आणि त्यातली किती कामाची, एवढंच. लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी सर्व्हरला ‘आहेस का?’ विचारतो आणि तेवढ्यांदा 200 ची, म्हणजे ‘सगळं ठीक’ची, ओळ पडते. विंडोजवर इव्हेंट 5156 चालू असेल तर प्रत्येक परवानगी मिळालेल्या कनेक्शनची नोंद येते. असल्या ओळी इंडेक्सरवर किंवा हेवी फॉरवर्डरवर (पुढे पाठवण्याआधी ओळी तपासू शकणारा मोठा फॉरवर्डर) नलक्यूमध्ये, म्हणजे स्प्लंकच्या कचरापेटीत, टाकता येतात, आणि टाकलेल्याचं लायसन्स लागत नाही. साध्या युनिव्हर्सल फॉरवर्डरवर ही ओळीनिहाय गाळणी सहसा चालत नाही, तिथे वेळ घालवू नका.

साठवण्याचा प्रश्न वेगळा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. स्वतःच्या सर्व्हरवर स्प्लंक बसवलंत तर त्यासाठी जादा लायसन्स नाही, डिस्क लागते. पण एक खोच आहे. मुदतीची डिफॉल्ट सेटिंग सुमारे सहा वर्षं आहे, हे बघून लोक निर्धास्त होतात. त्याच वेळी इंडेक्सच्या (लॉग साठवायच्या कप्प्याच्या) आकाराची मर्यादा डिफॉल्टने 5,00,000 एमबी असते. दोन्हींपैकी जे आधी भरेल ते लागू होतं, आणि वेगळी जागा सांगितली नसेल तर जुना माल थेट पुसला जातो. ऑडिटर आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी बदला.

फुकट लायसन्स दिवसाला 500 एमबीचं आहे. त्यात अलर्ट नाहीत, वेगवेगळे लॉगिनही नाहीत. हात बसवायला ठीक, प्रॉडक्शनला नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी विचारलं असतं की लॉग मागतंय कोण. फक्त डेव्हलपर मागत असतील तर लोकी हे लॉग गोळा करणारं दुसरं सॉफ्टवेअर बसवा. ते पूर्ण मजकुराची नाही, फक्त लेबलांची (लॉग कुठल्या सर्व्हरचा, कुठल्या अ‍ॅपचा अशा खुणांची) सूची करतं म्हणून स्वस्त पडतं, मजकुरात शोधताना मात्र रेंगाळतं. मजकुरात भरपूर शोध असेल तर ओपनसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर. तेही फुकट, पण क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांचा गट) सांभाळायला माणूस लागतो आणि त्याचा पगार कोटेशनमध्ये दिसत नाही. सुरक्षा टीम किंवा बँकेसारखा ग्राहक मागत असेल तर साहेबांचं बरोबर आहे, स्प्लंक घ्या. फक्त विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागा: आकारणी जीबीवर की संगणनशक्तीवर, आणि मर्यादा ओलांडल्यावर नेमकं काय होतं.