ओमियाला आईबाबा आणि पोराला घेऊन एक दिवस: माझ्या मते असं करा

टोकियोतल्या निशी-कासाईत राहताय, नोव्हेंबरात भुसावळहून आईबाबा येतायत, बाबा रेल्वेतून रिटायर, सोबत तुमचा सहा वर्षांचा मुलगा, उएनोची गर्दी नको, आणि टोकियोशेजारच्या साइतामात (ओमिया तिथलंच) खरंच बघण्यासारखं काही आहे का असं विचारलंय. आहे की! टोकियोवाले साइतामाला उगाच नावं ठेवतात म्हणून कोणी सुचवत नाही एवढंच.

सगळ्यात आधी वार बघा, बाकीचं नंतर. रेल्वे म्युझियम मंगळवारी बंद, बोन्साय म्युझियम गुरुवारी बंद, मांगा कैकान (व्यंगचित्रांचं म्युझियम) आणि किता-उरावाचं आर्ट म्युझियम सोमवारी बंद, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली की हे वेळापत्रक अजून सरकतं. शनिवार-रविवारी रेल्वे म्युझियममध्ये पोरांची जत्रा असते. म्हणजे उरले बुधवार आणि शुक्रवार, एक दिवस रजा टाका सरळ. निघायच्या आधी वेबसाइट एकदा बघाच, मधेच दुरुस्तीसाठी बंद ठेवतात कधी कधी.

सकाळी रेल्वे म्युझियम. उएनोहून जेआरने (इथली मुख्य रेल्वे कंपनी) ओमिया साधारण अर्ध्या तासात येतं, तिथून न्यू शटल नावाची रबरी चाकांची छोटी गाडी घ्यायची, पुढचंच स्टेशन म्युझियमचं. तिकीट आधीच कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात काढलं तर थोडं स्वस्त पडतं. मुलांना छोटी ट्रेन स्वतः चालवायला मिळते पण त्याचे नंबर लवकर संपतात, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या आधी ते बघून घ्या, नाहीतर दिवसभर रडारड. मधोमध मोठं टर्नटेबल आहे, त्यावर वाफेचं इंजिन उभं असतं, ते शिट्टी मारत गोल फिरतं तेव्हा आजोबा आणि नातू दोघांचीही तोंडं उघडी राहणार. पण काकांना घेऊन एक नंबरच्या इंजिनाकडे नक्की जा. १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे सुरू झाली तेव्हाचं ते इंजिन, बनवलंय इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने, आणि आपल्याकडे १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली तिची इंजिनंही त्याच कारखान्यातली. काका तिथून अर्धा तास हलणार नाहीत, धरून चाला. जेवायचं टेन्शन नको, रिटायर झालेल्या गाडीचे डबे बाहेर उभे केलेत, त्यात बसून घरची पोळीभाजी खाता येते, शाकाहारी लोकांना हेच सोयीचं.

दुपारी परत ओमियाला या आणि उत्सुनोमिया लाइनने एकच स्टेशन पुढे तोरोला उतरा, बोन्साय म्युझियम चालत पाच मिनिटं. तिकीट अगदीच किरकोळ आहे. काकू कदाचित म्हणतील घरात बोन्साय ठेवू नये, झाडाचा छळ असतो वगैरे, तर म्हणू द्या, आपण विकत थोडीच घेतोय. तिथे बोन्सायला पुढची बाजू असते, त्या बाजूने थोडं वाकून कुंडीच्या पातळीवरून बघायचं, मग दोन-तीन फुटांचं झाड एकदम डोंगरकड्यावरच्या जुन्या वृक्षासारखं दिसायला लागतं. वरून बघत भराभरा फिरलात तर वीस मिनिटांत संपेल आणि काय एवढं असं वाटेल.

म्युझियम २०१० चं आहे, पण आजूबाजूची वस्ती त्याहून इंटरेस्टिंग. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय करणारे माळी चांगलं पाणी, माती आणि मोकळी हवा शोधत इकडे आले आणि १९२५ मध्ये त्यांनी हे बोन्साय गाव वसवलं. सुरुवातीचे नियम तर भारीच, प्रत्येक घरात किमान दहा बोन्साय पाहिजेत, दुमजली घर बांधायचं नाही, भिंतीऐवजी झाडांचं कुंपण, आणि बघायला येईल त्याला दार उघडं. आजही मान्सेइएन, क्यूकाएन अशा थोड्या नर्सऱ्या चालू आहेत, आत जाता येतं, फोटो मात्र विचारूनच काढा आणि पोराचा हात सोडू नका, तिथल्या एकेका कुंडीची किंमत ऐकून घाम फुटतो. नोव्हेंबरात मेपल लाल होतात, तुमची वेळ चांगली आहे.

याच गल्ल्यांमध्ये मांगा कैकान आहे, किताझावा राकुतेन या व्यंगचित्रकाराच्या राहत्या घराच्या जागेवर १९६६ ला उघडलेलं. त्यांनी १९०५ मध्ये तोक्यो पक हे रंगीत व्यंगचित्रांचं मासिक काढलं होतं. प्रवेश फुकट. छोटंसंच आहे, इंग्रजी फारसं नाही, पण पाय दुखत असतील तर बसायला तरी बरं.

किता-उरावाचं आर्ट म्युझियम त्याच दिवशी कोंबू नका. वास्तुविशारद कुरोकावा किशो यांनी डिझाइन केलेली १९८२ ची इमारत, स्टेशनपासून तीन मिनिटं, आणि तिथे नामांकित डिझायनर्सच्या खुर्च्यांवर चक्क बसता येतं, "हात लावू नका" ऐकून वैतागलेल्या मुलांसाठी एकदम बेस्ट. आईबाबांना मोने-पिकासोसारख्या चित्रकारांमध्ये रस असेल तरच न्या, नाहीतर तुम्ही दोघं नंतर कधीतरी जा. योनो-होम्माचीचं साइतामा आर्ट्स थिएटरही तुमच्यासाठीच, दिग्दर्शक निनागावा युकिओंनी तिथे शेक्सपियर केला, २००६ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या लोकांची नाटकमंडळी उभी केली. नाटकं जपानीत असतात, त्यामुळे काकाकाकूंना तीन तास बसवू नका, पण डान्सचा कार्यक्रम असेल तर भाषेची अडचण येत नाही.

परतताना साडेपाचच्या आत ओमियातून गाडी पकडा, नंतर ऑफिसची गर्दी सुरू होते आणि काकूंना उभं राहून यावं लागेल. बसायला हवंच असेल तर उत्सुनोमिया लाइनच्या गाड्यांना ग्रीन कार, म्हणजे वरच्या वर्गाचा डबा असतो, थोडे जास्त पैसे लागतात पण त्या दिवशी खर्च करा.