झोपेत उठलेला हात

"ह्यांच्या मनात माझ्याबद्दल एवढा राग साठला होता का हो?" काकूंनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं.

काकांना लुई बॉडी डिमेन्शिया, म्हणजे विसरणं-गोंधळणं वाढत नेणारा मेंदूचा एक आजार, असल्याचं नुकतंच कळलं होतं. काकूंचा सल मात्र आठ वर्षांपूर्वीचा. काका झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे; एकदा त्यांची मूठ काकूंच्या गालावर बसली. "मनातलं झोपेत बाहेर पडतं," असं कुणीतरी बोललं आणि ते काकूंच्या मनात रुतून बसलं. मुलीलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटतात, म्हणून ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहितेय.

मी माझ्याच मानेच्या वरच्या टोकाला हात लावला. इथे आत मेंदूचा देठ असतो, ब्रेनस्टेम. स्वप्न चालू असताना हातपाय सैल ठेवायचं काम तिथल्या पेशींचा छोटासा पुंजका करतो. म्हणूनच आपण स्वप्नात धावतो आणि अंथरुणात मात्र पडूनच असतो. या आजारात अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन पेशींमध्ये साचून गोळे होतात (डॉ. लुई यांनी ते १९१२ साली नोंदवले) आणि पेशी मरत जातात. पुष्कळ जणांत ही झीज देठात आधी सुरू होते, विसरणं-गोंधळणं काही वर्षांनी येतं. लगाम सुटला की स्वप्नातली झटापट थेट हातात उतरते.

"स्वप्नात काय दिसायचं, कधी बोलले?"

"कुत्रं अंगावर आलं म्हणाले होते एकदा. मला वाटलं, सारवासारव करताहेत."

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आठ वर्षं अबोला धरला तो कुत्र्यापायी?"

मी पाणी पुढे केलं. अशा वेळी बोलू नये.

झोपेत हातपाय झाडणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं नाही, काही औषधांनीही तसं होतं. पण डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. काकूंना मी दोन गोष्टी बजावल्या. बेड वेगळे करा, उशाजवळ टोकदार, जड काही ठेवू नका. आणि या आजारात होणारे भास वाढून कुठल्याही दवाखान्यात न्यावं लागलं, तर आजाराचं नाव सगळ्यात आधी सांगा. भास थांबवायला देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने हे रुग्ण एकाएकी जखडू शकतात, जिवावरही बेतू शकतं. हे त्यांनी माझ्याकडून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

दाराशी थबकून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मुलीला आणते. ती कुत्र्याची गोष्ट मीच सांगेन तिला."