टॅम्पातली चार लाख डॉलरची बोट: घ्यावी की थांबावं?

प्रश्न थोडक्यात: आम्ही मूळचे मालवणचे, आता फ्लोरिडात टॅम्पाला. दोघंही नोकरीत, पंचेचाळिशी ओलांडलेली. मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. ३२ फुटी ड्युअल कन्सोल बोट मनात भरली आहे. किंमत ४ लाख डॉलर. ८० हजार रोख, बाकी २० वर्षांचं कर्ज, व्याज ८ टक्के. घ्यावी का?

उत्तर: बोटीचा प्रकार तुम्ही योग्य निवडलाय. दोन्ही बाजूंना कन्सोल (उंच पेटीसारखे कठडे, एकावर सुकाणू), मधून नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जायची वाट, समोर काचेचा आडोसा आणि एका कन्सोलच्या पोटात संडास. गावाहून आई-वडील आले तर पुढच्या बाकांवर निवांत बसतील, मागे तुम्ही गळ टाकाल. घरच्यांना घेऊन मासेमारीला जाणाऱ्याला याहून सोयीची रचना क्वचितच मिळेल. माझी हरकत आकाराला आणि कर्जाला आहे.

हप्ता बसतो महिना सुमारे २,६७७ डॉलर. पाच वर्षांत तुम्ही १ लाख ६० हजार भराल आणि मुद्दल फिटेल जेमतेम ४० हजार. म्हणजे देणं उरेल २ लाख ८० हजार. तोवर बोटीची किंमत ३० टक्क्यांनी उतरली असं धरा (हा माझा अंदाज, पण फार कठोर नाही), तर तीही २ लाख ८० हजारच. विकली तर हाती शून्य. सुरुवातीचे ८० हजार गेले, शिवाय विक्रीकराचे १८ हजार. फ्लोरिडात बोटीवरच्या या कराला १८ हजारांचीच कमाल मर्यादा आहे, एवढाच काय तो दिलासा.

वर देखभाल. धक्क्यावरची जागा, विमा, तळाचा रंग, दर १०० तासांनी दोन्ही आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनांची सर्व्हिस, खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणं. किमतीच्या १० टक्के हा ठोकताळा लावला तर वर्षाला ४० हजार. हप्ते धरून ७२ हजार. वर्षातून ३० दिवस बोट काढलीत (नोकरी सांभाळून तेवढे निघाले तरी पुष्कळ!) तर दिवसाला २,४०० डॉलर. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हप्ता असतो.

विमा घेताना एक कलम नीट वाचा. नाव दिलेल्या चक्रीवादळासाठी बऱ्याच पॉलिसींत वेगळी वजावट असते, तीही विमारकमेच्या टक्क्यांत. ५ टक्के असेल तर पहिले २० हजार तुमच्या खिशातून.

विक्रेता कदाचित म्हणेल, बोट ‘दुसरं घर’ दाखवा, व्याजावर करसवलत मिळेल. त्यासाठी बोटीत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय लागते. ड्युअल कन्सोलमध्ये स्वयंपाकाचा प्रश्न बहुधा नुसत्या ग्रिलवर येऊन अडतो. शिवाय तुमच्या सगळ्या वजावटी मिळून स्टँडर्ड डिडक्शनच्या (सगळ्यांना सरसकट मिळणाऱ्या करवजावटीच्या) वर गेल्या तरच उपयोग. २०२५ साठी जोडप्याला ते ३१,५०० डॉलर होतं. या आशेवर बोट घेऊ नका.

मी काय करेन? साडेआठ फुटांपर्यंत रुंदीची, २३-२४ फुटी जुनी ड्युअल कन्सोल शोधेन. ती खास परवान्याशिवाय ट्रेलरवरून नेता येते, म्हणजे धक्क्याचं भाडं वाचतं आणि वादळाच्या आधी बोट आत कुठेतरी हलवता येते. ३२ फुटीला ही मुभा नाही. बजेट तुमचे तेच ८० हजार, आणि कर्ज नको. वाचलेल्या हप्त्याच्या पैशातून आधी मुलीच्या ५२९ खात्यात (कॉलेजखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) भर टाका.

तेवढीही घाई नसेल तर एक हंगाम बोट क्लबचं सदस्यत्व घ्या. फ्रीडम बोट क्लब तुमच्या शेजारच्या सारासोटातच १९८९ साली सुरू झाला. प्रवेश फी, महिन्याची वर्गणी आणि इंधन तुमचं. इंजिन बिघडलं तर डोकेदुखी त्यांची. वर्षात किती वेळा खरंच निघता, तेही कळेल.

जुनी बोट घेताना विक्रेत्याचा नव्हे, स्वतः नेमलेला सर्वेअर (बोटीची तपासणी करणारा जाणकार) घ्या, इंजिनाचे तास संगणकावरून काढून घ्या, आणि २०२४ च्या हेलेन व मिल्टन वादळांच्या वेळी ती बोट कुठे उभी होती, हे मालकाकडून लेखी मागा.